प्रयोजन आणि प्रकृती

जगण्याला काही कारण असले तर माणूस अधिक जगतो का, हा प्रश्न आता कीर्तनातून उठून साथरोगशास्त्राच्या तक्त्यांत येऊन बसला आहे. जपानच्या ओसाकी परिसरातील ४३,३९१ प्रौढांचा सात वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाने २००८ साली दाखवले की आपल्या जगण्यात काही अर्थ आहे असे ज्यांना वाटत नव्हते त्यांचा मृत्युदर, वय, आजार आणि सवयी यांचा हिशेब केल्यानंतरही, तसे वाटणाऱ्यांच्या सुमारे दीडपट होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या ६,९८५ अमेरिकी व्यक्तींच्या पाहणीत सर्वांत कमी आणि सर्वांत अधिक प्रयोजनभावना असलेल्या गटांतील तफावत दुपटीहून मोठी निघाली. या आकड्यांचा पुढचा प्रवास मात्र ठरलेल्या वाटेने होतो. कंपन्यांत कार्यशाळा भरतात, ध्येय शोधून देणारी ॲप निघतात, जपानी नावाची छोटी पुस्तके लाखांनी खपतात, आणि बघता बघता प्रयोजन हे जीवनसत्त्वासारखे होऊन बसते: त्याची कमतरता व्यक्तीत असते, आणि ते व्यक्तीनेच आणून घ्यायचे असते. प्रयोजन जाणवते ते एकेकट्या मनाला हे खरे. पण ते घडते आणि मोडते ते कामाच्या, वस्तीच्या आणि परस्परांना लागणाऱ्या गरजेच्या रचनेत. ज्या ज्या काळाने यातले पहिले ओळखले आणि दुसरे विसरले, त्या काळाने त्याची किंमत माणसांच्या देहांकडून वसूल केली आहे. हा विसर फार जुना आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात माणसाच्या तीन एषणा सांगितल्या आहेत: प्राणाची, धनाची आणि परलोकाची. दोष आणि औषधी यांचा विचार करणाऱ्या ग्रंथाला माणूस कशासाठी धडपडतो याचीही नोंद घ्यावीशी वाटली, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच स्थानात पुढे, कोणत्या बाबतीत काय अग्रगण्य याची एक दीर्घ यादी येते, आणि तीत रोग वाढवणाऱ्या कारणांमध्ये विषादाला पहिले स्थान दिले आहे. सुश्रुताने स्वस्थ माणसाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया यांच्या समतोलापाशी न थांबता आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही त्यात धरली. इतके आपल्याकडे व्यासपीठावरून वारंवार सांगितले जाते. फारसे सांगितले जात नाही ते चरकाच्या विमानस्थानातले जनपदोद्ध्वंसाचे प्रकरण. भिन्न प्रकृतीची, भिन्न आहाराची, भिन्न वयाची माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का मरतात, असा तिथला प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर वायू, जल, देश व काळ यांच्या बिघाडातून जात जात अखेर अधर्मापाशी पोचते. त्या अधर्माचा आरंभ देशाच्या, नगराच्या आणि गावाच्या प्रमुखांपासून होतो, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. एका माणसाच्या विषादावर बोलणाऱ्या शास्त्राने सबंध जनपदाच्या विनाशाची जबाबदारी राज्यकर्त्यावर ठेवावी, ही जोड आपण पुढे कधी सोडून दिली याचा शोध घ्यायला हवा.

या परंपरेत एक खोटही होती, आणि ती झाकून उपयोग नाही. त्या समाजात कर्तव्य जन्माने वाटले जाई. मेलेली गुरे ओढणे ज्याच्या वाट्याला आले, त्याला स्वधर्माच्या पालनातून प्रसन्नता लाभते असे मानणारा विचार त्या माणसाच्या देहाकडे पाहतच नव्हता. ग्रीसमध्येही स्थिती वेगळी नव्हती. ॲरिस्टॉटलने सुखाला भावनेच्या पातळीवरून उचलून गुणांच्या आचरणापर्यंत नेले, आणि क्षणिक आनंद व सार्थ जीवन यांत त्याने केलेला भेद आजच्या मानसशास्त्रज्ञांनाही वापरावा लागतो. पण ती सार्थकता ज्या फुरसतीवर उभी होती ती गुलामांच्या श्रमातून आलेली होती. गेलनपासून निघून अरबी हकिमांनी पक्की केलेली आरोग्याच्या सहा बाह्य कारणांची मांडणी हवा, अन्नपान, झोप, हालचाल, उत्सर्जन यांच्या जोडीला मनोविकारांनाही स्थान देते. तीही प्रामुख्याने अशा माणसासाठी लिहिलेली, ज्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या हातात असे. लादलेले काम आणि आपले मानलेले काम यांतला फरक या विषयात शेवटपर्यंत उरतो.

युरोपात १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्याने बाझलच्या विद्यापीठात, परमुलखात असताना घराच्या ओढीने खंगत जाणाऱ्या लोकांवर प्रबंध लिहिला आणि त्यांना घरी पाठवणे हाच उपाय सांगितला. परक्या राजांच्या पदरी लढणाऱ्या स्विस सैनिकांमध्ये हा आजार पुढे विशेष गाजला. १७९६ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक आणि क्वेकर पंथीयांनी मनोरुग्णांना साखळ्यांत न जखडता बाग, शिवणकाम आणि सोबत दिली. दोन्ही प्रयोगांमागची समज एकच होती: माणूस जिथून तुटला आहे तिथे त्याला पुन्हा जोडा.

एकोणिसाव्या शतकात ही समज दोन दिशांनी फाटत गेली. १८४८ साली प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ विर्कोला अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करायला पाठवले. त्याने परत येऊन औषधांची यादी दिली नाही. पोलिश बोलणाऱ्या त्या दरिद्री, अशिक्षित, स्वतःच्या कारभारात कुठलाच आवाज नसलेल्या जनतेला शिक्षण, स्वातंत्र्य आणि स्वशासन द्या, असा अहवाल लिहिला. दुसरीकडे क्षयाला हळव्या, प्रेमभंग झालेल्या, प्रतिभावंत माणसांचा आजार मानण्याची काव्यमय रूढी युरोपभर पसरली होती, आणि खाणीत किंवा कोंदट खोल्यांत क्षयाने मरणारे हजारो लोक त्या काव्यात कुठेच नव्हते. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कोखने क्षयाचा जंतू जाहीर केला तेव्हा त्या काव्याला चपराक बसली, ते योग्यच झाले. पण त्याच झटक्यात विर्कोचाही प्रश्न मागे पडला. जंतू सापडल्यावर माणूस पाहायची गरज उरली नाही, असा एक आत्मविश्वास प्रयोगशाळांत शिरला आणि पुढची अनेक दशके टिकला.

एमिल दुरखाइमने १८९७ साली आत्महत्येवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. सर्वांत खाजगी वाटणाऱ्या मृत्यूचे प्रमाण देशानुसार, धर्मानुसार, कुटुंबस्थितीनुसार वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर राहते, हे आकड्यांनी दाखवून त्याने एका माणसाच्या निराशेला समाजाच्या विणीत आणून बसवले. अधिक विचार करायला लावणारे निरीक्षण असे, की आत्महत्या मंदीत वाढतात तशा अचानक आलेल्या भरभराटीतही वाढतात. याचा अर्थ, दुखापत पैशाच्या अभावापेक्षा खोलवर होते. आपण कुणाचे, कशाला बांधलेले, आपल्याकडून कोण काय अपेक्षितो, याची उत्तरे जिथे विरघळतात तिथे ती होते.

याच सुमारास पुण्यात जे घडत होते ते प्रयोजनाने आयुष्य वाढते या सिद्धांताच्या मर्यादाही दाखवते. प्रयोजनाने ओतप्रोत भरलेली ती पिढी होती, आणि तिचे आयुर्मान पाहिले तर कोणताही सरळ नियम काढता येत नाही. आगरकर १८९५ साली वयाची चाळिशी न गाठताच दम्याने खंगून गेले. गोखले १९१५ साली एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. मधुमेह असलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहून काढले, आणि ते चौसष्ट वर्षांचे असताना वारले. धोंडो केशव कर्वे मात्र १८५८ ते १९६२ असे एकशे चार वर्षे जगले. ध्येय हे कवच असते तर आगरकर नव्वदीपर्यंत लिहीत राहायला हवे होते. शेकडो, हजारो माणसांच्या सरासरीत जे दिसते ते एका देहाला वचन म्हणून देता येत नाही, आणि जो वक्ता ते वचन देतो तो आजारी माणसाच्या यातनेत अपराधाची भर घालतो.

आता १९३० च्या दशकातील व्हिएन्ना. या विषयाच्या इतिहासात इतका बोलका प्रसंग दुसरा नाही, म्हणून इथे थोडे रेंगाळायला हवे. शहराजवळच मारिएन्थाल नावाचे कापडगिरणीवर जगणारे गाव होते, वस्ती १,४८६. जागतिक मंदीच्या तडाख्यात ती एकुलती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकाच वेळी बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइजेल या तरुण संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह तिथे जाऊन घराघरांतली जेवणे नोंदवली, शाळकरी मुलांचे निबंध वाचले, गावकऱ्यांना दिवसाचा हिशेब लिहायला सांगितला आणि १९३३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बेकारी माणसांना बंडखोर करते की बधिर, हा त्या काळच्या समाजवाद्यांना सतावणारा प्रश्न होता, आणि स्वतः समाजवादी असलेल्या या संशोधकांना मिळालेले उत्तर त्यांना आवडणारे नव्हते. वेळ अमाप झाला होता तरी ग्रंथालयातून नेली जाणारी पुस्तके जवळजवळ निम्म्यावर आली होती. राजकीय पक्षांच्या बैठका, एके काळी गजबजलेले क्लब, नाटकमंडळी ओस पडत चालली होती. संशोधकांनी खिडकीआड बसून रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली: पुरुष संथ चालत, पुन्हा पुन्हा थांबत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी घड्याळ वापरणे सोडून दिले होते. सकाळपासून दुपारपर्यंत काय केले, हे त्यांना सांगता येत नसे. स्त्रिया मात्र झपाझप चालत होत्या, कारण घरातले काम संपलेले नव्हते. पगार गेला होता, पण त्यांच्या दिवसाला अजून आकार होता.

त्याच वर्षी, त्याच व्हिएन्नात, व्हिक्टर फ्रांकल नावाच्या तरुण डॉक्टरने बेकार युवकांच्या मनःस्थितीवर लेख लिहिला. युवकांसाठी सल्लाकेंद्रे चालवताना त्याच्या लक्षात आले होते की ही मुले बेकार म्हणजे निरुपयोगी आणि निरुपयोगी म्हणजे निरर्थक असे समीकरण मांडून खचतात. त्याने त्यांना ग्रंथालये, युवक संघटना अशा ठिकाणी बिनपगारी कामाला जोडून दिले. पोटातली भूक तशीच राहिली तरी खिन्नता उतरली, असा त्याचा अनुभव. पुढे छळछावण्यांतून वाचून १९४६ साली त्याने लिहिलेले पुस्तक जगभर गेले, आणि परिस्थिती काहीही असो, अर्थ शोधण्याचे स्वातंत्र्य माणसापाशी उरतेच, हा त्यातला विचार विसाव्या शतकातल्या असंख्य दुःखितांचा आधार ठरला. तो आधार खरा आहे. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की १९३३ मध्ये फ्रांकलने त्या मुलांना अर्थ शोधा असे सांगून घरी पाठवले नव्हते. त्याने त्यांना एक जागा, एक वेळ आणि त्यांची वाट पाहणारे लोक मिळवून दिले होते. त्याच्या शिकवणुकीतला आतला स्वर आपण घेतला, आणि ती ग्रंथालये व संघटना वगळल्या. याहोडाचे पुस्तक मात्र अनेक वर्षे फारसे कुणी वाचले नाही. ऑस्ट्रियाच्या हुकूमशाही राजवटीने तिला तुरुंगात टाकले, देशाबाहेर घालवले. फ्रांकलच्या व्हिएन्नाचे पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. खचलेली, आकार हरवलेली माणसे मोठ्या संख्येने असलेल्या समाजात प्रयोजन वाटायला कोणीतरी येतेच, आणि १९३३ च्या जर्मनीत ते गणवेश घालून आले.

१९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलात आली आणि तीत आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य अशी केली गेली. कागदावरच्या या व्याख्येला प्रत्यक्षात काय अर्थ असू शकतो, याचे उत्तर त्यानंतरच्या दशकात कुष्ठरोग्यांच्या दोन वसाहतींनी दिले. त्यांतली एक आपली आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचारांचे शिक्षण घेतले, आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर आनंदवन सुरू केले. सल्फोन गटातली औषधे तेव्हा हाती आली होती. जंतू मरत होता, पण बरा झालेला माणूस पुन्हा देवळाच्या पायरीवर भीक मागायलाच बसत होता. बाबांनी ओळखले की दान त्याला त्या पायरीवरून उठवणार नाही. झडलेल्या बोटांनी विहीर खणली गेली, शेत उभे राहिले. त्या शेतातली भाजी सुरुवातीला वरोऱ्यात कुणी घेत नव्हते, आणि १९६० च्या दशकात त्याच आनंदवनात महाविद्यालय उभे राहिले, जिथे गावोगावची निरोगी मुले शिकायला येऊ लागली. दाता आणि याचक यांच्या जागा उलटल्या. वैद्यकाने दिलेली गोळी तीच होती. तिच्या भोवती एक समाज उभा राहिला म्हणून रोगातून सुटलेला माणूस जगायलाही लागला.

दुसरी वसाहत जपानच्या अंतर्देशीय समुद्रातल्या नागाशिमा बेटावरची. मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारी कुष्ठालयात काम करू लागल्या. रुग्णांना निवारा होता, अन्न होते, औषध होते, तरीही काहींना वेदनेपेक्षा दिवसांची पोकळी असह्य होत होती. तर काही जण, ज्यांची अवस्था देहाने अधिक वाईट होती, संगीतात, लेखनात, एकमेकांच्या शुश्रूषेत गढलेले होते. जपानी कुष्ठालयांत बोटांची संवेदना गेलेले अंध रुग्ण जिभेने ब्रेल वाचायला शिकले होते. या अनुभवातून कामियांनी १९६६ साली इकिगाईवरचा, म्हणजे जगण्याच्या प्रयोजनावरचा, आपला ग्रंथ लिहिला, आणि आज विमानतळांवर विकल्या जाणाऱ्या पुस्तकांमागचा हा गंभीर पूर्वज आहे. त्या पुस्तकांत ज्याचा उल्लेखही नसतो ते असे: औषध उपलब्ध झाल्यावरही जपानी राज्याने या माणसांना कायद्याने कोंडून ठेवले. अरुंद खाडीवर पूल व्हायला १९८८ साल उजाडले, विलगीकरणाचा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला, आणि २००१ मध्ये न्यायालयाने ते धोरण घटनाबाह्य ठरवले. नागाशिमाच्या रुग्णांनी प्रयोजन शोधले हे त्यांचे थोरपण. त्यांना ते कोंडवाड्यात शोधावे लागले हा राज्याचा गुन्हा. पहिल्याचे कौतुक करताना दुसरे नजरेआड करणे ही या विषयातली सर्वांत जुनी चोरवाट आहे.

लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांच्या पाहण्या सुरू झाल्या. त्यांत कुणी उपाशी नव्हते, कुणी बेकार नव्हते. तरी हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिकारश्रेणीच्या पायऱ्यांनी वाढत खाली गेले, आणि सर्वांत खालच्या श्रेणीत ते सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केल्यावरही फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिला. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवले की आपल्या कामावर आपले किती नियंत्रण आहे, याचा त्यात मोठा वाटा आहे. लादलेले आणि आपले मानलेले काम यांतला तो जुना फरक इथे रक्तवाहिन्यांत मोजला गेला. १९७८ मध्ये सुझन सोंटॅग यांनी, स्वतः कर्करोगातून जात असताना, रोगाला रुग्णाच्या स्वभावाचे फळ मानण्याच्या प्रवृत्तीवर कठोर पुस्तक लिहिले. क्षयाचे काव्य मेले नव्हते. त्याने फक्त रोग बदलला होता.

मग १९८२. त्या वर्षी मारी याहोडाने, मारिएन्थालनंतर अर्धशतकाने, रोजगारावर पुन्हा एक पुस्तक लिहिले, आणि नोकरी पगाराखेरीज माणसाला नकळत काय देते ते मांडले: दिवसाला आकार, कुटुंबाबाहेरची माणसे, एकत्रित उद्दिष्ट, समाजातले स्थान आणि रोजची कृती. त्याच वर्षी, १८ जानेवारीला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. याहोडाने मांडलेल्या पाचही गोष्टी गिरणगावात हाताने दाखवता आल्या असत्या. दिवसाला आकार होता तो भोंग्याचा आणि पाळ्यांचा. माणसे होती ती खात्यातली, गावकीच्या खोलीतली आणि खानावळीतली. उद्दिष्ट होते ते युनियनचे, तसेच गावच्या देवळाच्या वर्गणीचे. आणि स्थान असे, की कोकणात किंवा साताऱ्याकडे सुट्टीला गेलेला साचेवाला हा घरातला कर्ता पुरुष असे. भजनी मंडळे, कबड्डीचे संघ, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी, नारायण सुर्वे आणि अण्णा भाऊ साठे, हे सारे त्या भोंग्याच्या आवाक्यात वाढले.

गिरणीला देवघर करण्याचे कारण नाही. कापसाच्या तंतूंनी फुप्फुसे भरत, दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपावे लागे, क्षय घरोघर होता. विणाई खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून दलित कामगारांना तिथे घेतले जात नसे, आणि डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न थेट उपस्थित केला होता. तरीही संप फसल्यावर जे कोसळले त्याचे मोजमाप पगाराच्या आकड्यांत करता येत नाही. चाळिशी-पंचेचाळिशीतला कसबी माणूस वर्षभरात कसबासकट निरुपयोगी ठरला. कुणी गावी गेला, कुणी वडापावची गाडी लावली, आणि पुढे कुणी आपल्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्याच्या दाराशी रखवालदार झाला. कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका मारिएन्थालच्या बायकांसारख्याच झपाझप चालत राहिल्या; घर त्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या कमाईवर तगले. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने त्या घरातली घुसमट मंचावर आणली, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून तो इतिहास टिपला. राज्याने मात्र गिरणगावाकडे जमीन म्हणून पाहिले: १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी एक-एक तृतीयांश मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण आणि मालक अशा वाटायच्या होत्या, २००१ च्या बदलाने ती वाटणी जुन्या बांधकामाखालची जमीन सोडून फक्त मोकळ्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. या कागदांत एफएसआय आहे, क्षेत्रफळ आहे. माणसाच्या प्रकृतीचा विचार कुठेही नाही.

ज्या दशकात परळ-लालबागचे भोंगे थांबत होते, त्याच्या पुढच्या दशकात हेच खंडभर पसरलेल्या एका देशात घडले. १९८७ च्या सुमारास रशियातील पुरुषांचे सरासरी आयुर्मान पासष्टच्या जवळ होते. सोव्हिएत संघ मोडल्यावर १९९४ मध्ये ते अठ्ठावन्नच्याही खाली गेले. एवढी पडझड घडवेल असे युद्ध नव्हते, साथ नव्हती. अमेरिकेत ॲन केस आणि ॲंगस डीटन यांनी २०१५ मध्ये दाखवले की पदवी नसलेल्या मध्यमवयीन गोऱ्यांमध्ये आत्महत्या, अमली पदार्थ आणि मद्यजन्य यकृतविकार यांनी होणारे मृत्यू वाढत चालले आहेत. दोन्ही ठिकाणी नैराश्य एकटे मारत नव्हते: रशियात स्वस्त दारू हाताशी होती आणि अमेरिकेत औषधकंपन्यांनी वेदनाशामक म्हणून खपवलेली अफूजन्य गोळी. प्रयोजन नाहीसे झाले की विष विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते, आणि म्हणून विक्रेत्यावर नियंत्रण हाही या विषयाचाच भाग आहे.

संशोधनाच्या बाजूनेही प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. ब्रिटनमधील सुमारे सात लाख स्त्रियांच्या अभ्यासाने २०१६ साली निष्कर्ष काढला की आधीच्या आजारपणाचा हिशेब केला तर आनंदी असण्या-नसण्याने मृत्युदरात फरक पडत नाही. आजारी माणूस दुःखी असतो, म्हणून दुःख मारते असा भास होतो. तो अभ्यास आनंदाचा होता, प्रयोजनाचा नव्हे, आणि या दोहोंतले अंतर ॲरिस्टॉटलने सांगितलेलेच आहे. तरी कार्यकारणाची शंका प्रयोजनाच्या अभ्यासांनाही लागू होते. ज्याला सकाळी कुणासाठी तरी उठायचे असते तो औषध वेळेवर घेतो, चालायला जातो, तपासणी चुकवत नाही. आणि ज्याची प्रकृती धड आहे त्यालाच असे उठणे जमते. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळलेले आहेत. इतिहासाची साक्ष इथे तक्त्यांच्या मदतीला येते, कारण मारिएन्थालची गिरणी कामगारांच्या प्रकृतीमुळे बंद पडली नव्हती.

आज पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत पंचविशी-तिशीतली हजारो मुले-मुली स्पर्धा परीक्षेच्या तारखांची वाट पाहत बसलेली असतात. जाहिरात लांबते, परीक्षा पुढे जाते, निकाल न्यायालयात अडकतो, नियुक्ती रखडते, आणि गावाकडे आई-वडील दर महिन्याला पैसे पाठवत राहतात. ही मुले घड्याळ वापरतात, अभ्यासाचा तक्ता पाळतात, पण ते सारे अशा दिवसासाठी, जो राज्याने अनिश्चित ठेवला आहे. त्या वयात फ्रांकलच्या मुलांना जसे कुणाच्या तरी उपयोगी पडण्याचे काम मिळाले, तसे काही त्यांच्या आसपास नाही. त्यांना समुपदेशनाचा दूरध्वनी क्रमांक देणे योग्यच आहे. परीक्षांचे वेळापत्रक पाळणे हाही त्यांच्या आरोग्याचा कार्यक्रम आहे, आणि तो लोकसेवा आयोगाच्या व मंत्रालयाच्या हाती आहे.

गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्नही अजून मिटलेला नाही. लाखाहून अधिक अर्जदार, त्यांतले अनेक आता वारस, आणि त्यांच्यासाठी पुढे केलेली घरे शेलू-वांगणीला, म्हणजे ज्या वस्तीने त्यांना घडवले तिच्यापासून लोकलच्या दीड-दोन तासांवर. सत्तरीतल्या माणसाला तिथे छप्पर मिळेल. त्याचे भजनी मंडळ, त्याचा दवाखाना, त्याचा रोजचा कट्टा, मुलाची नोकरी आणि नातवाची शाळा लालबागेतच राहील. शासनाच्या योजनेत घराचे क्षेत्रफळ आहे, किंमत आहे, स्थानकापासूनचे अंतर आहे. त्या घरात राहायला जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जाईल आणि तिथे त्याची वाट कोण पाहत असेल, हा रकानाही त्या योजनेत हवा, आणि तो भरण्यासाठी गृहनिर्माण खात्याने आरोग्य खात्याला, व दोघांनी मिळून त्या कामगारांना, विचारायला हवे.